पाण्यात कळा, बाळ मात्र बाहेर

आजचा एपिसोड थोडा मोठा आहे. लोकलमध्ये असाल, भांडी घासत असाल, फिरायला निघाला असाल, तर हेडफोन नीट लावून घ्या. आणि मुलांनो, 'हा बायकांचा विषय' म्हणून पुढच्या एपिसोडवर उडी मारू नका. तुमच्यातले बरेच जण पुढच्या चार-पाच वर्षांत कुठल्या ना कुठल्या लेबर रूमच्या दाराशी उभे असणार आहेत.

तर विषय आहे बाळंतपणात पाण्याचा वापर. तुम्ही ते रील बघितलं असेल. मंद दिवे, मेणबत्त्या, बासरी, गोल टबमध्ये बसलेली शांत बाई, आणि तिसाव्या सेकंदाला पाण्यातून वर येणारं बाळ. मीही बघितलं होतं. गरोदरपणात पन्नासेक वेळा तरी बघितलं असेल. आज माझा मुलगा नऊ महिन्यांचा आहे आणि मी तुम्हाला रीलमध्ये जे नसतं ते सांगणार आहे.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मी बीटेक आहे, पोटापाण्यासाठी बॅकएंडचा कोड लिहिते. त्यामुळे इथे ऐकलेलं काहीही आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही. ठरलं? ठरलं.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याच्या आणि माझ्या नोकरीमुळे आम्ही इंग्लंडला आलो. दिवस गेले तेव्हा कळलं, की इथे सगळं सुरळीत असेल तर गरोदर बाईला मुख्यतः मिडवाइफ बघते, डॉक्टर नाही. मिडवाइफ म्हणजे आपल्याकडची सुईण म्हणा, पण तीन वर्षांची पदवी घेतलेली. एका तपासणीला तिने सहज विचारलं, "पूल हवाय का?" जसं आपल्याकडे विचारतात, चहात साखर किती?

रात्री आईला फोन केला. आई म्हणाली, "पाण्यात? अगं, पोर बुडंल की!"

तिचं चुकलं नव्हतं. माझ्याही मनात तेच होतं. मग मी काय केलं? इंजिनिअर काय करणार, एक्सेल शीट उघडली.

पहिली गोष्ट जी माझ्या डोक्यात स्वच्छ झाली आणि जी तुम्ही आज घरी घेऊन जावी असं मला वाटतं, ती अशी : पाण्यात कळा देणं आणि पाण्यात बाळ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रीलमध्ये त्या एकच वाटतात. कळांचे सात-आठ तास पाण्यात काढून बाळ पलंगावर होऊ शकतं. दोन्हींचे फायदे वेगळे, धोके वेगळे, आणि पुरावेही वेगळे.

आधी कळांचं बघू. पाणी नेमकं काय करतं? एक, तरंगवतं. आर्किमिडीज आठवतोय ना, आठवी-नववीतला? नऊ महिन्यांचं पोट घेऊन कूस बदलणं म्हणजे भरलेला सिलिंडर सरकवण्यासारखं असतं. छातीपर्यंत पाण्यात गेलात की वजन जाणवेनासं होतं. गुडघ्यावर बसा, पुढे वाका, उकिडवे बसा, सगळं जमतं. म्हणून पाणी पोट बुडेल एवढं खोल लागतं. बादलीभर पाण्यात पाय सोडून बसणं बरं वाटेल, पण ते हे नव्हे.

दोन, ऊब. कोमट पाण्यात स्नायू सैल पडतात, हे सांगायला पुस्तक नको. पाळीच्या वेळी जिने पोटाला गरम पाण्याची पिशवी धरली आहे, तिला माहीत आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडली. कोपर दाराला आपटलं की आपण काय करतो? चोळतो. का? १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी एक सिद्धांत मांडला, गेट कंट्रोल थिअरी. ढोबळमानाने असं, की वेदनेचे संदेश मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात एका फाटकातून जातात. त्याच वेळी स्पर्शाचे, दाबाचे संदेश आले, तर ते फाटक थोडं लोटलं जातं. वेदना संपत नाही, कमी पोचते. सगळ्या अंगाला लागलेलं कोमट पाणी असंच काम करतं, असं मानतात.

आता 'असं मानतात' यावर मी थांबणारी नाही. आकडे कुठायत? तर कॉक्रेन म्हणून एक संस्था आहे, ती जगभरातले प्रयोग एकत्र करून तपासते. त्यांच्या २०१८ च्या आढाव्यात १५ प्रयोग होते, ३,६६३ बायका होत्या. कळांच्या पहिल्या टप्प्यात पाण्यात राहिलेल्यांपैकी साधारण ३९ टक्क्यांनी एपिड्युरलसारखी भूल घेतली, पाण्याबाहेरच्यांपैकी ४३ टक्क्यांनी. एपिड्युरल म्हणजे पाठीत नळी घालून कमरेखालचा भाग बधिर करतात ते. आई-बाळाला त्रास वाढल्याचा पुरावा दिसला नाही.

ऐकलंत ना? ४३ वरून ३९. फरक आहे, पण जादू नाही. कुणी तुम्हाला 'पाण्यात बाळंतपण म्हणजे कळाच नाहीत' असं सांगून पॅकेज विकत असेल, तर हे दोन आकडे लक्षात ठेवा.

आता आईचा प्रश्न. बाळ बुडत नाही का? पोटात बाळ पाण्यातच असतं. त्याला ऑक्सिजन नाळेतून मिळतो, नाकातून नाही. बाहेर आल्यावर चेहऱ्याला हवा लागते, गारवा लागतो, नाळेतून येणारं रक्त थांबत जातं, आणि मग ते पहिला श्वास घेतं. म्हणून पाण्यात झालेल्या निरोगी बाळाला लगेच, हलक्या हाताने वर आणतात आणि एकदा डोकं बाहेर आलं की पुन्हा पाण्याखाली जाऊ देत नाहीत. पण हे गणित निरोगी बाळाचं. पोटातच ज्याचा ऑक्सिजन कमी पडतोय, ते बाळ आतच श्वास ओढायला बघू शकतं. म्हणून ठोक्यांवर लक्ष ठेवणारं जाणतं माणूस शेजारी हवंच. यात तडजोड नाही.

या दुसऱ्या भागावर, म्हणजे पाण्यात बाळ होण्यावर, तज्ज्ञांचं एकमत नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं, की निरोगी बाईला ३७ ते ४१ आठवड्यांच्या दरम्यान कळांसाठी पाणी देता येईल, पण बाळ मात्र पाण्याबाहेर व्हावं. ब्रिटनमध्ये दोन्ही चालतं. तिथला 'पूल' नावाचा मोठा अभ्यास २०२४ मध्ये आला. धोका कमी असलेल्या आणि पूल वापरलेल्या साठ हजारांवर बायकांची नोंद त्यात होती. बाळ पाण्यात झालेल्या बायका आणि आधी बाहेर आलेल्या बायका यांची तुलना केली, तर गंभीर जखमा किंवा बाळाला मोठा त्रास पाण्यात जास्त दिसला नाही. एक गोष्ट मात्र जास्त दिसली, नाळ तुटणं. पाण्यात शंभरात एक, बाहेर हजारात तीन. कारण साधं आहे. बाळाला वर उचलताना नाळ आखूड असेल तर ताण येतो. जाणत्या हातांना हे माहीत असतं, ते लगेच चिमटा लावतात. घरी यूट्यूब बघून टब भरणाऱ्याला ते माहीत नसतं.

पाण्याचे स्वतःचेही नखरे आहेत. ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण आईचं अंग तापलं की बाळाचंही तापतं. दर तासाला पाण्याचं आणि आईचं तापमान बघतात. स्वच्छतेचं तर विचारूच नका. २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये घरी आधीच भरून गरम करत ठेवलेल्या पूलमध्ये झालेल्या एका बाळाला लिजिओनेला जंतूमुळे गंभीर न्यूमोनिया झाला, आणि तसे पूल वापरू नका असं सरकारी यंत्रणांना सांगावं लागलं. कोमट, साचलेलं पाणी जंतूंनाही आवडतं.

थोडा इतिहास सांगते, कारण तो मजेशीर आहे. पॅरिसच्या दक्षिणेला पिथिव्हिए नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या सरकारी दवाखान्यात मिशेल ओदाँ नावाचे सर्जन होते. १९७० च्या दशकात त्यांनी लेबर रूमशेजारी पाण्याची सोय केली. हेतू काय? पाण्यात बाळ जन्माला घालणं? अजिबात नाही. कळा सोसेनात अशा बायकांना आराम. पण काही जणींना इतकं बरं वाटायचं, की शेवटी बाहेर यायलाच नको वाटायचं, आणि बाळ पाण्यातच व्हायचं. असे शंभर जन्म झाल्यावर त्यांनी १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते मांडलं. ब्रिटनच्या संसदेच्या आरोग्य समितीने १९९२ मध्ये शिफारस केली, की जमेल तिथे प्रत्येक रुग्णालयाने पूलचा पर्याय द्यावा. म्हणजे बघा, मूळ गोष्ट कळांची होती. बाळ पाण्यात होणं हा तिचा साइड इफेक्ट होता. रीलने साइड इफेक्टचंच फीचर केलं.

आता माझी रात्र.

आई व्हिजिटर व्हिसावर आली होती. ४० आठवडे आणि दोन दिवस झाले असताना संध्याकाळी कळा सुरू झाल्या. फोन केला तर मिडवाइफ म्हणाली, घरीच राहा, दहा मिनिटांत तीन यायला लागल्या की या. रात्री दीडला गेलो. पिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडलं होतं. पूल भरायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास मी भिंतीला डोकं टेकवून नवऱ्याला जे काही बोलले ते इथे सांगत नाही.

मग पाण्यात उतरले. खोटं नाही सांगत, पहिली कळ पाण्यात आली तेव्हा मी हसले. दुखत होतं, पण मी त्या दुखण्याच्या वर होते, खाली नव्हते. नवऱ्याकडे थर्मामीटरचं काम होतं आणि त्याने ते प्रॉडक्शन सर्व्हर सांभाळावा तसं सांभाळलं. दर पंधरा मिनिटांनी मिडवाइफ पाण्यात चालणारं डॉप्लर पोटावर धरून एक मिनिट ठोके ऐकायची.

आई कोपऱ्यात खुर्चीवर पदर तोंडाला लावून बसली होती. तिला इंग्रजी येत नाही, मिडवाइफला मराठी येत नाही. थोड्या वेळाने मिडवाइफने एक प्लास्टिकचा जग तिच्या हातात दिला आणि माझ्या पाठीकडे बोट दाखवलं. बस्स. आईने बाह्या सरसावल्या, टबाशेजारी बसली आणि जगाने पाणी घेऊन माझ्या कमरेवर सोडायला लागली. न्हाणीघरात तांब्याने घालतात ना, अगदी तस्सं. एक धार, मोडू न देता. कळ आली की धार, कळ गेली की हात पाठीवर. मिडवाइफ मला म्हणाली, "हिने हे आधी केलंय." मी आईला विचारलं, तर म्हणाली, "न्हाऊ घातलेलं काय कमी हाय का?"

असे चार तास गेले.

पहाटे सहाच्या सुमारास पाणमोट फुटली. मला टबात काही कळलं नाही, पण मिडवाइफने टॉर्च मारून पाणी बघितलं. हिरवट झालं होतं. बाळाने पोटातच शी केली होती. पुढच्या वेळी ठोके ऐकले तर कळेनंतर ते खाली जात होते आणि वर यायला वेळ घेत होते. ती अगदी शांतपणे म्हणाली, "आता आपण बाहेर येऊ."

मी म्हणाले, नाही. दोन मिनिटं. प्लीज, फक्त दोन मिनिटं.

मंडळी, हा एपिसोड मी या दोन मिनिटांसाठी करतेय. मला सगळं माहीत होतं. माझ्या शीटमध्ये वेगळा कॉलम होता, 'पाण्याबाहेर कधी यायचं' नावाचा. त्यात लिहिलं होतं : बाळाने शी केली तर, ठोके बिघडले तर, रक्तस्राव झाला तर, ताप आला तर. पहिल्या दोन अटी माझ्यासमोर पूर्ण झाल्या होत्या आणि मी टबाची कड धरून बसले होते. कारण मला बाळासोबत तो व्हिडिओपण हवा होता.

आईने जग खाली ठेवला. माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "ऊठ. पोराचं बघ."

मी उठले. एकदम अंगाचं वजन परत आलं, कळांचंही. कॉरिडॉर ओलांडून डॉक्टरांच्या लेबर वॉर्डात नेलं. मॉनिटर, दिवे, माणसं. पाऊण तासात व्हॅक्यूम लावून मुलगा झाला. रडायला थोडा वेळ लागला. किती? नवरा सांगतो, एक मिनिटसुद्धा नाही. माझ्यासाठी ते मिनिट अजून संपलेलं नाही. मग रडला. सुखरूप सुटका झाली.

त्यानंतर महिनाभर मला कुणी विचारलं, "काय गं, झाला का वॉटर बर्थ?" की मी म्हणायचे, "नाही गं, जमलं नाही." जमलं नाही! जणू बाळंतपण म्हणजे परीक्षा होती आणि मी नापास झाले. मैत्रिणींचे मेसेज उघडायचे नाही. नवऱ्याने टबातला एक छान फोटो काढला होता, तो मी डिलीट केला.

बाराव्या दिवशी आईने मला आमच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये स्टुलावर बसवून बाळंतिणीची अंघोळ घातली. पाठीवर कढत पाणी पडलं आणि मी रडायला लागले. म्हटलं, सगळं नीट चाललं होतं, शेवटच्या घटकेला बाहेर काढलं मला. आई पाणी घालत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या वेळेला मी सोळा तास एकटी होते. तुझे बाबा बाहेर, आजी बाहेर. उठू द्यायचे नाहीत, ओरडले की नर्स खेकसायची. पाणी सोड, पाठीवर कुणी हातसुदिक ठेवला नाही. तू चार तास पाण्यात होतीस, मी होते, तो होता. पाणी तुझ्या कळांसाठी होतं बाई. त्याचं काम त्यानं केलं."

माझ्या त्या शीटमध्ये हेच तर होतं. पण आकडे वाचणं वेगळं आणि पटणं वेगळं.

आता शेवटचा भाग. पुण्यातल्या माझ्या मामेबहिणीला सातवा महिना आहे. ती विचारते, इथे मिळेल का पूल? खरं सांगायचं, तर मोठ्या शहरांत मोजक्या खाजगी ठिकाणी. बाकी बहुतेक ठिकाणी नाही. आणि घरी टब आणून स्वतःच करायचा विचार कुणी करत असेल, तर कृपा करून नको. माझ्यासाठी पूलपासून लेबर वॉर्ड एका कॉरिडॉरवर होता. म्हणून ती गोष्ट मी आज हसत सांगू शकते.

पण पूल नाही म्हणजे काहीच नाही, असं नाही. त्या खोलीत माझ्या उपयोगी काय पडलं? कोमट पाणी, हलायची मुभा, जवळची माणसं, आणि ठोके ऐकणारी मिडवाइफ. यातलं पुष्कळसं आपल्याकडे मागता येतं. सरकारी दवाखान्यातसुद्धा बाळंतिणीसोबत एक बाई थांबू द्यावी, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच सांगितलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात कळांसाठी मालीश आणि गरम शेक आहे. त्याला पूल लागत नाही.

म्हणून हॉस्पिटल ठरवताना, आठव्या महिन्याच्या आत, हे पाच प्रश्न विचारा. सोबत कोण थांबू शकतं? कळांमध्ये चालता-फिरता, बसता येईल का? कोमट पाण्याचा शॉवर घेता येईल का, आणि कधी नको? ठोके किती वेळाने ऐकता? आणि पूल असेलच तर, मला बाहेर कधी काढाल आणि बाहेर काढल्यावर ऑपरेशन थिएटर किती मिनिटांवर आहे? या शेवटच्या प्रश्नावर जो 'तशी वेळच येत नाही' म्हणेल, तिथून उठा.

आणि हे कुणासाठी नाही, तेही ऐका. जुळी, पायाळू बाळ, वाढलेला रक्तदाब, दिवस भरायच्या आधीच्या कळा, रक्तस्राव, यांत पाण्याचा हट्ट नको. एपिड्युरल घेतलं की पाणी बंद. गुंगीचं इंजेक्शन घेतलं असेल तर निदान दोन तास तरी नाही.

मुलांनो, तुमच्यासाठी एकच. ती म्हणाली पाणी हवं, तर थर्मामीटर धरा. ती म्हणाली बास, एपिड्युरल द्या, तर डॉक्टरांना हाक मारा. आणि मिडवाइफ म्हणाली बाहेर या, तर हात द्या. नंतर कधीच 'जमलं नाही' म्हणू नका आणि तिलाही म्हणू देऊ नका.

तो डिलीट केलेला फोटो आईच्या फोनमध्ये निघाला. तिने तो त्याच पहाटे सांगलीच्या सगळ्या ग्रुपवर पाठवला होता. त्यात मी दिसतच नाही फारशी. दिसतो तो तिचा हात आणि तो जग.

चला, थांबते. पोरगं उठलंय. तुमच्या किंवा तुमच्या आईच्या बाळंतपणाची गोष्ट सांगावीशी वाटली तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या वेळी ऐकवते. तोवर काळजी घ्या, आणि आज घरी गेल्यावर आईला एकदा विचारा, "माझ्या वेळी तुझ्याजवळ कोण होतं गं?"